टीव्हीवरचा तीळ

काटेमास्तरांनी नवा टीव्ही घरात आणला आणि सगळ्यात आधी तोलला.

त्यांचा नाइलाज होता. बाजारातले वजनकाटे तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. किराणावाल्याचा काटा, सोनाराचा काटा, भंगारवाल्याचा लोखंडी काटा, सगळ्यांच्या खोड्या त्यांना ठाऊक. निवृत्त झाल्यावरही पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा काटा फडक्याखाली झाकलेला असे. घरात आलेली वस्तू त्यावरून उतरल्याशिवाय घरची होत नसे.

टीव्ही बत्तीस इंची होता, दुकानातला सगळ्यात स्वस्त. कंपनीचं नाव असं, की ते विकणाऱ्यालाही दोनदा वाचावं लागलं होतं. खोक्यावर वजन छापलं होतं चार किलो. काटा म्हणाला, चार किलो वीस ग्रॅम.

"वीस ग्रॅम जास्तच आहे," मास्तर समाधानानं म्हणाले. "लबाड कंपनी नाही."

"अहो, तो बघायचा असतो," बायको म्हणाली. "किलोवर विकायचा नसतो."

या बायकोला सगळी गल्ली रफूबाई म्हणायची. कुणाचा कोट सिगारेटनं जळला, कुणाची शाल उंदरानं कुरतडली, की ते कापड तिच्याकडे यायचं. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून सूत काढायची आणि भोकावर पुन्हा कापड विणायची. उभं सूत, आडवं सूत, एक वर, एक खाली. काम झालं की भोक कुठे होतं हे ज्याचा कपडा त्यालाही सांगता येत नसे. "ज्या दिवशी गिऱ्हाईक माझ्या रफूवर बोट ठेवेल," ती म्हणायची, "त्या दिवशी सुई डब्यात आणि डबा माळ्यावर." ती हे हसत म्हणायची, पण थट्टेत म्हणत नव्हती, हे मास्तरांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

टीव्ही भिंतीला लागला. आधीचा पेटीसारखा टीव्ही हलवायला दोन माणसं लागायची आणि तिसरा माणूस "सांभाळून, सांभाळून" म्हणायला लागायचा. हा मास्तरांनी एकट्यानं काखोटीला मारून आणला होता. माहितीपत्रक त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, ज्या चार पानांवर परकी लिपी होती तीसुद्धा नजरेखालून घातली. मागे छोट्या दिव्यांच्या पट्ट्या, त्यांचा उजेड सारखा पसरवायला दुधी प्लास्टिकचे पातळ पत्रे, आणि सगळ्यात पुढे काच. आवाज तेवढा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येई. मास्तरांनी बसून विचार केला. आवाज खालच्या बाजूनं बाहेर पडतो, म्हणजे तो जमिनीकडे जातो, आपल्याकडे नाही. त्यांनी टीव्हीच्या खाली तिरकी एक जाड फळी ठोकली. आवाज फळीवर आपटून थेट खुर्च्यांकडे यायला लागला.

"बघ," ते म्हणाले, "बिचाऱ्याला फक्त तोंड कुणीकडे करायचं ते सांगावं लागलं."

तिसऱ्या दिवशी रफूबाई तिच्या खुर्चीतून म्हणाली, "डावीकडे वर माशी बसलीय."

मास्तरांनी फडकं मारलं. माशी उडाली नाही. त्यांना ती दिसलीही नव्हती.

"अजून आहे. डाव्या कडेपासून चार बोटं, वरून एक वीत."

रफूबाईच्या गळ्यात सूत मोजायचं पितळी भिंग कायम लटकत असे. मास्तरांनी ते घेतलं आणि सांगितलेल्या जागी टेकवलं. आधी ते तीळभरही हलले नाहीत, मग त्यांनी बायकोला हाक मारली. भिंगाखाली पांढरा रंग कुठेच नव्हता. लाल, हिरव्या, निळ्या रेघांची घरं एकाशेजारी एक, एकाखाली एक, ओळीनं मांडलेली होती. आणि त्यात एक घर काळं. तिन्ही रेघा विझलेल्या.

रफूबाईनं काळ्या घराकडे बघितलंच नाही. ती भिंग इकडून तिकडे सरकवत राहिली. "अहो, हे तर कापड आहे," ती हळूच म्हणाली. "उभं, आडवं. आणि पांढरं कुठेच नाही! मीही हेच करते. करड्या कोटाला करडा दोरा लावत नाही कधी. काळा आणि पांढरा शेजारी शेजारी. लांबून आपोआप करडं." तिनं टीव्हीच्या चौकटीवरून, चांगल्या विणकराच्या खांद्यावर ठेवावा तसा हात फिरवला. "कुणी विणलं असेल एवढं?"

मास्तर तोवर कागद घेऊन बसले होते. आडवी घरं तेराशे सहासष्ट, उभी सातशे अडुसष्ट. गुणाकार झाला दहा लाख एकोणपन्नास हजार अठ्ठ्याऐंशी. एक घर अर्ध्या मिलिमीटरचं.

दुकानदारानं हात वर केले. पाचापेक्षा जास्त ठिपके मेले तरच टीव्ही बदलून मिळतो, असा नियम होता. रविवारी लेक आणि जावई आले, आणि जावयाला आयतंच कोलीत मिळालं. जावई मनानं चांगला होता, पण त्याला प्रत्येक वस्तूतलं सगळ्यात मोठं मॉडेल हवं असे.

"सांगत होतो की नाही, बाबा? स्वस्त घेतलं की असंच. आमच्याकडे पंचावन्न इंची आहे. भिंत आहे की टीव्ही, कळत नाही."

"भिंतच बघायची होती तर टीव्ही कशाला घेतलात?" रफूबाई म्हणाली.

"आई, अहो, मेलेला ठिपका आहे त्यात!"

"साडेदहा लाखांत एक," मास्तर म्हणाले. "मी जन्मभर हजारात एकाची चूक पास करत आलो. इतकी अचूक वस्तू या घरात दुसरी नाही, जावईबापू. तुम्हाला धरून."

लेक ओढणीत तोंड खुपसून हसली. "पण बाबा, तुम्हाला तरी दिसतो का तो ठिपका?"

"मला नाही दिसत. तुझ्या आईला दिसतो. सहा फुटांवरून अर्धा मिलिमीटर. आता सांग, कौतुक टीव्हीचं करू की तिचं?"

"माझं करा," रफूबाई म्हणाली. "टीव्हीला ऐकू येत नाही."

त्या ठिपक्याचं नाव तीळ पडलं. गोऱ्या गालावर असतो तसा. संध्याकाळी सात वाजता बातम्या लागत. बातम्या देणारीच्या मागे पांढरी भिंत असे आणि तीळ नेमका त्या भिंतीवर उठून दिसे. बातम्यांचं संगीत संपलं की रफूबाई म्हणायची, "आहे." मग मास्तर मान हलवायचे आणि बातम्या ऐकायला लागायचे. तोलण्याआधी काटा शून्यावर आहे ना हे बघायचं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. टीव्हीचं शून्य बायकोनं तपासलं, आता माल घ्यायला हरकत नाही.

अशी दोन वर्षं गेली. विजेचा दाब खालीवर झाला, पावसाळ्यात भिंतीला ओल आली, पण टीव्हीनं एकदाही कुरकुर केली नाही. उलट रफूबाईच्या मते तो सुधारत चालला होता.

"हा मुरला हं आता," ती म्हणायची. "सुरुवातीला कसा भगभगीत होता. डोळ्यांत घुसायचा. आता बघा, पांढरा कसा सायीसारखा झालाय."

मास्तरांना फरक वाटत नव्हता. पण रंगांच्या बाबतीत बायकोपुढे बोलायची त्यांची प्राज्ञा नव्हती. त्यांनी ही बातमी आल्यागेल्याला अभिमानानं सांगितली. महागाचे टीव्ही जुने होतात, आमचा मुरतो.

मग एका सोमवारी सात वाजले, संगीत संपलं, आणि "आहे" काही आलं नाही.

"काय गं?"

"नाही."

"काय नाही?"

"तीळ. गेला!" ती खुर्चीत पुढे सरकली, डोळे बारीक केले, मागे टेकली. "अहो, खरंच गेला. बरा झाला की हो तो!"

असं होतं कधीकधी, हे मास्तरांनी वाचलं होतं. अडकलेला ठिपका आपणहून सुटतो. त्यांना तीळ आधीही दिसत नव्हता, आताही दिसला नाही. रफूबाईनं फोन उचलून लेकीला लावला आणि जावयाला दे म्हणाली. "आमचा टीव्ही स्वतःचा स्वतः दुरुस्त झाला. तुमच्या भिंतीला येतं का असं काही?"

पण मास्तरांच्या मनात काहीतरी अडून बसलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कांदेवाल्याचा काटा त्यांच्याकडे आला होता. दर खेपेला शंभर ग्रॅम जास्त दाखवायचा. दुरुस्तीला घ्यायच्या दिवशी तपासला तर बरोबर! त्यांनी खूश होऊन शिक्का मारला. महिन्याभरानं कळलं की काटा होता तसाच होता, फक्त उलट बाजूच्या पारड्याला खालून उंदरानं घर केलं होतं आणि दोन चुकांनी एकमेकींना फेडलं होतं. तेव्हा त्यांच्या वरिष्ठांनी सांगितलेलं ते आजवर विसरले नव्हते. दुरुस्त न करता दुरुस्त झालेला काटा सगळ्यात धोक्याचा.

मंगळवारी सकाळी रफूबाई कपडे पोचवायला गेली. भिंग तिनं खिडकीत ठेवलं होतं. मास्तरांनी टीव्ही लावला, पडदा पांढरा केला, चार बोटं आणि एक वीत मोजली आणि भिंग टेकवलं.

काळं घर जागच्या जागी होतं.

"अरे, आहेस होय!" ते म्हणाले. जुना मित्र भेटावा तसा त्यांना आनंद झाला. तो चांगला दोनतीन श्वास टिकला. मग ते खाली बसले. काटा तोच, वजन तेच. मग बदललं कोण?

एक एक गोष्ट आपोआप ओळीत येऊन बसली. दोरेवाल्याशी तिचं भांडण झालं होतं, पांढरा म्हणून पिवळट दोरा देतो म्हणून. तिची खुर्ची हळूहळू खिडकीला चिकटली होती. अंधार पडल्यावर ती जिना उतरायचं टाळत होती. आणि मुरलेला टीव्ही, सायीसारखा पांढरा! टीव्ही बिचारा रोज तेवढाच पांढरा दाखवत होता. साय दुसरीकडेच धरत होती.

खुंटीवर एका जादूगाराचा काळा कोट होता. त्याच्याच खेळातल्या ठिणगीनं बाहीला रुपयाएवढं भोक पडलं होतं. काळ्यावर काळं हे रफूतलं सगळ्यात अवघड काम, आणि रफूबाईनं ते कालच पुरं केलं होतं. शुक्रवारी द्यायचं होतं. मास्तरांनी कोट उचलून उन्हात धरला. वीण अशी होती की बोटांना कळू नये. एक वर, एक खाली, एकही सूत चुकलं नव्हतं. पण काळ्या बाहीवर ती रुपयाएवढी जागा गर्द निळी चमकत होती.

शुक्रवारी जादूगार येणार आणि त्या जागेवर बोट ठेवणार. मग सुई डब्यात, डबा माळ्यावर.

मास्तरांनी कोट होता तसा अडकवला आणि दोन दिवस भित्र्यासारखे काढले. स्पष्ट बोलायची हिंमत होईना. बुधवारी जेवताना त्यांनी आडून सुरुवात केली. "मी काय म्हणतो, दोघांचेही डोळे एकदा तपासून घेऊ या का?"

"तुमचे घ्या. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"वय झालं आपलं."

"तुमचं झालं. टीव्हीवरचा तीळ गेलेला आधी कुणाला कळला? तुम्हाला की मला?"

ज्या पुराव्यानं ती हरत होती, तोच ती जिंकल्यासारखा नाचवत होती. मास्तर पाणी प्यायले.

गुरुवारी सात वाजले. संगीत संपलं. रफूबाई नुसतीच प्रसन्न चेहऱ्यानं बघत होती. मास्तर उठले, टीव्हीपाशी गेले आणि आवाज बंद केला.

"अहो, हेडलाइन!"

"जरा इकडे ये. भिंग घेऊन ये."

"आता काय मेलं नवीन?"

"ये तर."

ती आली. मास्तरांनी चार बोटं, एक वीत मोजून पडद्यावर बोट ठेवलं आणि मग बोट उचललं. "इथं बघ."

तिनं भिंग टेकवलं, डोळा लावला. मास्तर तिच्या चेहऱ्याकडे न बघता फळीकडे बघत उभे राहिले. ती बराच वेळ वाकलेली होती. मग तिनं भिंग काढलं, सहा फूट मागे गेली, खुर्चीत बसली आणि पडद्याकडे बघितलं. एक डोळा झाकून बघितलं. दुसरा झाकून बघितलं. परत उठून आली आणि पुन्हा भिंग टेकवलं. मास्तरांनी जन्मभर काटे असेच तपासले होते. दोनदा, आणि गिऱ्हाइकाशी न बोलता.

"कधीपासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"मंगळवारपासून."

"आणि तीन दिवस गप्प बसलात?"

"घाबरलो."

"कुणाला?"

"तुझ्या डब्याला."

मग एकदम तिची नजर खुंटीकडे गेली. मास्तरांनी पुढे होऊन कोट काढून दिला. बाहेरचा उजेड गेला होता, म्हणून तिनं बाही टीव्हीच्या पडद्याजवळ धरली. पांढऱ्या उजेडात भिंग लावून ती बघत राहिली. आधी काळी बाही, मग रफू, मग परत काळी बाही.

"कुठला रंग आहे हा?"

"अगं..."

"मला नीट दिसत नाहीये म्हणून विचारतेय. तुम्हाला दिसतोय ना? मग सांगा. कुठला?"

"निळा," मास्तर म्हणाले. "गर्द निळा."

"वीण?"

"वीण एक नंबर."

"वीण हातात असते," ती म्हणाली. "रंग नाही." तिनं कात्री घेतली आणि दोन दिवसांचं काम सुतासुतानं सोडवायला बसली. मास्तरांनी दिवा जवळ आणला. मधेच ती म्हणाली, "माझा टीव्ही मुरला म्हणून मी अख्ख्या गल्लीत सांगितलं." आणि तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मास्तरांनी तिला फडकं दिलं. काटा झाकायचं होतं ते, पण त्या वेळी तेच हाताशी होतं.

शुक्रवारी जादूगार आला. उंच, हडकुळा माणूस, बोलताना हात सतत हवेत. रफूबाईनं त्याला बसवलं आणि भोक पडलेली बाही पुढे ठेवली.

"काम झालं नाही. झालं होतं, पण मी सोडवलं. काळ्याला निळा दोरा लावला होता. मोतीबिंदू आहे बहुतेक. दुसरीकडे न्या, मी पत्ता देते."

मास्तर दारात उभे होते. एवढ्या वर्षांत तिनं गिऱ्हाइकाला दुसरीकडचा पत्ता दिलेला त्यांनी बघितला नव्हता.

जादूगारानं बाही उलटी केली, सुलटी केली. "आठ वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या कोटाच्या पाठीवरचं एक भोक बुजवलं होतं. कुठे होतं, ते मला अजून सापडलेलं नाही," तो म्हणाला. "बाई, मी तर फक्त लपवतो. तुम्ही नाहीसं करता. मी थांबतो."

"तुमचे खेळ?"

"कोट तोवर घालीन, या बाहीचा हात खिशात ठेवून करीन. लोकांना वाटेल, काहीतरी मोठं चाललंय."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जास्त, असं त्यांनी सांगितलं. एवढ्या उशिरा का आलात, असं विचारल्यावर मास्तर म्हणाले, "आमचा टीव्ही चांगला आहे म्हणून." डॉक्टरीणबाईंना वाटलं, हे गृहस्थ गोंधळले आहेत. मग मास्तरांनी तीळ, चार बोटं, एक वीत, सगळं सांगितलं, आणि त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. "म्हणजे घरात डोळे तपासायचा तक्ता होता," त्या म्हणाल्या. "रोज सात वाजता."

आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी संध्याकाळी रफूबाई काळा चष्मा लावून खुर्चीत बसली. मास्तरांनी सात वाजायला दोन मिनिटं असताना टीव्ही लावला. तिनं चष्मा काढला आणि ओरडली, "अहो! काय केलंत त्याला?"

"काय झालं?"

"निळा पडलाय अख्खा! बिघडवलात तुम्ही माझ्या माघारी!"

मास्तर गडबडले. त्यांनी रिमोटची सगळी बटणं दाबून बघितली. मग त्यांना डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. पिवळी साय निघाली की काही दिवस सगळं जग निळसर वाटतं. "हा डोळा झाक," ते म्हणाले. "आता दुसरा."

तिनं डावा झाकला, उजवा झाकला, परत डावा. लहान मुलीसारखा तिला तो खेळच मिळाला. "या डोळ्यानं मुरलेला. या डोळ्यानं कोरा. मुरलेला. कोरा." ती थांबली. "असा होता हा? एवढा पांढरा? आणि मी याला दोन वर्षं सायीची उपमा देत बसले. बिचारा एवढ्याशा किमतीत रोज इतकं स्वच्छ दाखवत होता, आणि मी..."

बातम्यांचं संगीत लागलं. संपलं. पांढरी भिंत आली. मास्तरांनी श्वास धरला होता, आणि तो किती वेळ धरला हे त्यांना पहिल्यांदाच मोजायचं सुचलं नाही.

"आहे," रफूबाई म्हणाली.

मास्तर स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकायच्या निमित्तानं तिथेच थोडा वेळ उभे राहिले.

दुसऱ्या डोळ्यानंतरच्या रविवारी जावई आला तो एक भलंमोठं खोकं घेऊन. त्याच्यामागे लेक "मी सांगितलं होतं यांना" अशा चेहऱ्यानं आली.

"आईंना नवे डोळे आले, म्हटलं नवा टीव्हीही हवा," जावई म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर आनंदानं फुलला होता.

रफूबाईनं खोक्यावरून हात फिरवला. "छान आहे हो. तीळ आहे का याला?"

"छे! एक ठिपका जरी मेला तरी कंपनी अख्खा टीव्ही बदलून देते."

"मग रोज सातला मी काय बघू?"

जावयानं सासऱ्यांकडे बघितलं. "शून्य, जावईबापू," मास्तर म्हणाले. "शून्य तपासायला काहीतरी लागतं माणसाला. पण आणलाच आहात तर थांबा." त्यांनी कोपऱ्यातल्या काट्यावरचं फडकं काढलं. खोक्यातून टीव्ही निघाला, तोलला गेला, आणि छापलेल्या वजनापेक्षा दीडशे ग्रॅम कमी भरला.

"बघा," मास्तर एवढंच म्हणाले. खोकं आलं तसं परत गेलं, आणि जावई जाताना पहिल्यांदाच भिंग मागून घेऊन त्या स्वस्त टीव्हीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिला.

जादूगारानं काळा कोट परत आणून दिला, आणि त्याचं काम रफूबाईनं तीन दिवस केलं. दोरा निवडायलाच एक सकाळ गेली. काळे म्हणून ठेवलेले अकरा दोरे तिनं उन्हात मांडले. त्यांतले चार निळे निघाले, एक तपकिरी. ते तिनं वेगळ्या डबीत टाकले आणि दोरेवाल्याकडे जाऊन माफीही मागून आली.

जादूगार आला तेव्हा साडेसहा वाजले होते, पण खिडकीत अजून ऊन होतं. त्यानं कोट घातला नाही, बाहीच आधी उन्हात धरली. एका बाजूनं बघितली, दुसऱ्या बाजूनं. बोटांनी चाचपली. धंदाच फसवायचा असल्यामुळे तो स्वतः सहज फसणाऱ्यातला नव्हता. रफूबाई हात मांडीवर ठेवून बसली होती. मास्तर भिंतीला टेकले होते.

मग जादूगारानं बोट ठेवलं. "इथं."

मास्तरांनी डोळे मिटले.

"नक्की?" रफूबाईनं विचारलं.

"नक्की. इथं कापड किंचित जाड लागतं."

"ती कारखान्याची वीण आहे," रफूबाई म्हणाली. "विणकराची गाठ. पहिल्यापासून आहे ती. माझं काम त्याच्या चार बोटं वर."

जादूगारानं चार बोटं वर बघितलं. खिडकीत जाऊन बघितलं. तिचं भिंग मागून घेऊन बघितलं. शेवटी त्यानं कोट अंगात घातला, दोन्ही हात बाहेर काढून झटकले आणि कमरेत वाकून तिला नमस्कार केला.

तो जिना उतरून गेला. रफूबाईनं सुई डब्यात ठेवली, डबा नेहमीच्या जागी, खिडकीत. मग घड्याळाकडे बघितलं.

"लावा तो," ती म्हणाली. "सात वाजत आले."